कुठून बसलात, कुठं उतरणार? लिमिनल स्पेस समजून घेताना

माझी भाची बारावीत आहे. नाशिकला कॉलेज रोडवर क्लासला जाते. गेल्या महिन्यात एकदा रात्री साडेदहाला तिचा फोटो आला. एका मॉलचं तळघरातलं पार्किंग, गाडी एकही नाही, पांढऱ्याफटक ट्यूबलाइट, खांबांवर रंगवलेले आकडे आणि पार टोकाला बंद लिफ्ट. खाली दोनच शब्द: ‘लिमिनल स्पेस!!’

मी विचारलं, “एवढ्या रात्री तिथं काय करतेयस?”

प्रश्न चुकला होता. “मामा, फोटोचा फील बघ ना.”

मग फोटोंची रांगच लागली. शाळेचा रिकामा वर्ग, क्लासचा जिना, कुठल्याशा मंगल कार्यालयात लग्न आटोपल्यावर एकावर एक रचलेल्या खुर्च्या आणि शेवटी गंगापूर धरणाचं पाणी. सगळ्यांना नाव एकच. धरणापाशी मी अडलो. पाणी सुंदर होतं, आसपास माणूस नव्हता, पण त्यात लिमिनल काय? तिला तो फील शब्दांत सांगता येईना आणि मला शब्दाचा अर्थ ठाऊक असून तिच्या गळी उतरवता येईना. त्या भांडणातून हे लिहितोय.

लॅटिनमध्ये ‘लीमेन’ म्हणजे उंबरठा. त्यावरून लिमिनल, म्हणजे उंबरठ्यावरचं. जाहिरातींच्या संदर्भात ‘सब्लिमिनल’ हा शब्द कानावर आला असेल. जाणिवेच्या उंबरठ्याखालून मनात सरकणारं, असा त्याचा अर्थ. लीमेन तोच.

उंबरठा काय असतो हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. उंबरठ्यावर बसू नकोस, उंबरठ्यावरून काही देऊ-घेऊ नकोस, हे ऐकत आपण वाढलो. नवी सून माप ओलांडते ते अंगणात नाही आणि माजघरातही नाही, नेमकं उंबरठ्यावर. तिन्हीसांजेला झोपायचं नाही, केर काढायचा नाही. तिठ्यावर कुणी उतरून टाकलेलं लिंबू ओलांडायचं नाही. उंबरठा, तिन्हीसांज आणि तिठा यांचं एक गोत्र आहे. तिन्ही धड इकडचे नाहीत, धड तिकडचेही नाहीत. हिरण्यकशिपूनं वर मागताना घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, माणसाकडून नको, पशूकडून नको, अशी चोख यादी दिली होती. मधल्या जागा तेवढ्या राहून गेल्या. नरसिंह तिथूनच आला.

जाता जाता: रोमन लोकांच्या दारांच्या देवाला, जेनसला, दोन तोंडं असत, एक आत बघणारं आणि एक बाहेर. आमच्याकडे रामकुंडाजवळ नदीपात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. दोघांचा परस्परांशी काडीचा संबंध नाही, पण पावसाळ्यात अख्खं नाशिक या मारुतीकडे डोळे लावून असतं. पाणी गुडघ्याला लागलं का, कमरेला का, छातीला का. नदी कुठं संपते आणि शहर कुठं सुरू होतं, हे त्या दिवसांत मारुती सांगतो.

उंबरठ्याला शास्त्रात आणलं ते आर्नोल्ड व्हान जेनेप या अभ्यासकानं, १९०९ सालच्या एका फ्रेंच पुस्तकात. जगभरचे जन्म, लग्न, मृत्यू, वयात येणं यांचे विधी त्यानं शेजारी शेजारी मांडले आणि त्यांत एकच सांगाडा पाहिला. आधी माणसाला जुन्या जागेतून उचलतात. मग काही काळ तो कुठलाच नसतो. मग त्याला नव्या जागी बसवतात. मधल्या टप्प्याला त्यानं लिमिनल म्हटलं. इथं ‘जागा’ म्हणजे समाजातली जागा. भिंती आणि छत या शब्दात फार नंतर आले.

हा सांगाडा बघायला नाशिककराला पुस्तक लागत नाही. सकाळी रामकुंडावर जाऊन उभं राहावं. दशक्रियेला आलेली माणसं असतात. गेलेला माणूस अजून पितर झालेला नाही. त्याला प्रेत म्हणतात, आणि हा शब्द इथं शरीराविषयी नाही, मधल्या अवस्थेविषयी आहे. बाराव्याच्या सपिंडीनंतर तो पितरांत जमा होणार. तोवर घरचेही अधांतरीच. देवळात जायचं नाही, देवपूजा नाही, दाढी नाही. दहाव्याला पिंड मांडला की सगळ्यांच्या नजरा कावळ्याकडे. माझ्या वडिलांच्या वेळी कावळा झाडावर बसून राहिला होता. कुणी म्हणालं, नातवाचं शिक्षण सांगा. काकांनी हात जोडून सांगितलं, “दादा, पोराचं आम्ही बघू.” तरी तो हलेना. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला आणि तेवढ्यात हा खाली आला. ती दहा-पंधरा मिनिटं आम्ही कुणाचे कोण होतो, ते अजूनही मला नीट सांगता येत नाही. व्हान जेनेपनं अंत्यविधींबद्दल असंच काही नोंदवलंय: बघणाऱ्याला वाटतं की तिथं ताटातूट मोठी असेल, पण ताटातुटीचे विधी थोडे आणि साधे असतात, मधल्या काळाचा पसारा मोठा असतो.

मुंजीतला बटू तसाच. डोक्याचा गोटा, कमरेला लंगोटी, हातात झोळी, आणि आपल्याच घरच्या मांडवात भिक्षा मागतोय. हळद लागलेल्या नवऱ्यामुलाला घराबाहेर पडू देत नाहीत, हातात कट्यार देतात. बारशाआधीच्या बाळाला नाव नसतं. मधल्या माणसाला जपायचं असतं आणि थोडं घाबरायचंही असतं.

व्हान जेनेपचं पुस्तक इंग्रजीत यायला १९६० उजाडलं. त्यानंतर थोड्याच काळात ते व्हिक्टर टर्नर यांच्या हाती पडलं. टर्नर ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ. आजच्या झांबियातल्या एन्देम्बू लोकांमध्ये राहून त्यांनी काम केलं होतं. त्यांच्या पत्नी ईडिथ यांनी लिहून ठेवलंय की १९६३ साली हे कुटुंब इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज गावी अमेरिकेच्या व्हिसाची वाट बघत अडकून पडलं होतं, आणि तिथल्या सार्वजनिक वाचनालयात टर्नर यांना व्हान जेनेप भेटला. एक देश सुटलेला, दुसरा अजून मिळायचा. ज्याला उंबरठ्याचा सिद्धान्त पुढे न्यायचा होता, तो उंबरठ्यावर बसूनच तो वाचत होता.

टर्नर यांनी मधल्या टप्प्याला पुस्तकातल्या एका पायरीवरून उठवून मध्यभागी आणलं. एन्देम्बू मुलांना दीक्षेच्या काळात गावापासून दूर ठेवतात. त्यांच्याकडे मालकीचं काही नसतं, हुद्दा नसतो, त्यांना मेलेल्यांत किंवा गर्भातल्यांत जमा धरतात. टर्नर म्हणतात, या अवस्थेत एक विलक्षण गोष्ट घडते: सगळे सारखे होतात. उतरंड गळून पडते आणि माणूस माणसाला थेट भेटतो. या भावनेला त्यांनी ‘कम्युनिटास’ असं नाव दिलं. पुढे यात्रांवर लिहिताना त्यांनी पंढरीच्या वारीचा दाखला घेतला आणि त्यासाठी आधार घेतला तो इरावती कर्वे यांच्या लेखाचा. मराठीत तो ‘वाटचाल’ म्हणून अनेकांनी वाचलेला असतो. इंग्रजीत तो १९६२ मध्ये आला.

पण इरावतीबाई सरळ हो म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्या. एकाच दिंडीत चालणारे, एकच अभंग गाणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगळे बसतात, हे त्यांनी पाहिलं, त्याचं वाईट वाटलं आणि ते लिहिलं. टर्नर यांनीही ती नोंद दडवली नाही. तरी मला वाटतं, उंबरठ्यावर सगळे सारखे होतात हे म्हणणं ज्यांना दार उघडं होतं त्यांना सोपं गेलं. नाशिककराला तर काळाराम मंदिराजवळून जाताना हे आठवायलाच हवं. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे दरवाजे बंद करून घेण्यात आले आणि सत्याग्रही दारांशी बसून राहिले. लढा वर्षानुवर्षं चालला. तिथं उंबरठा म्हणजे इकडून तिकडे नेणारी जागा नव्हती, भिंत होती. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. व्हान जेनेपची पहिली पायरी येवल्यात, तिसरी नागपुरात आणि मधे २१ वर्षं. लिमिनल म्हटलं की तळघरातलं पार्किंग डोळ्यांसमोर येणाऱ्यांनी हा आकडाही जवळ ठेवावा.

टर्नर यांनी आणखी एक भेद केला, तो पटकन सांगतो. आधुनिक माणूस हौसेनं, तिकीट काढून जे मधलेपण अनुभवतो, त्याला त्यांनी ‘लिमिनॉइड’ म्हटलं, म्हणजे लिमिनलसारखं. सिंहस्थात जो संन्यास घेतो, तो स्वतःचं पिंडदान करून जुन्या नावानिशी मरतो, त्याचं लिमिनल. त्याचा फोटो काढायला कॅमेरा घेऊन गेलेला मी लिमिनॉइड. संध्याकाळी घरी येऊन मी पोहे खाल्ले.

आता इंटरनेट.

मे २०१९ मध्ये फोरचॅन या संकेतस्थळावर कुणीतरी ‘बघून काहीतरी चुकल्यासारखं वाटतं’ अशी चित्रं मागितली. त्यांत एक फोटो होता: पिवळट कागद लावलेल्या भिंती, मळकट गालिचा, छताला ट्यूबलाइट, खोलीतून खोली निघालेली, खिडकी नाही. त्यावर कुणी एक गोष्ट रचली की वास्तवातून पाय घसरला तर माणूस या न संपणाऱ्या खोल्यांत पडतो. तिला ‘बॅकरूम्स’ नाव पडलं. त्यावर व्हिडिओ आले, गेम आले, आणि अशा फोटोंच्या जातीला ‘लिमिनल स्पेस’ हे नाव चिकटलं. पुढच्याच मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि भर दुपारी नाशिकचा रविवार कारंजा चौकही तसाच दिसू लागला. शब्द जगभर पसरायला याहून सोयीची वेळ नव्हती.

गंमत पुढे आहे. तो पिवळा फोटो कुठला, याचा छडा २०२४ मध्ये लागला. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश नावाचं गाव आहे. तिथल्या एका दुकानाच्या डागडुजीच्या वेळी, २००२ साली, तो काढला होता. आधी तिथं फर्निचरचं दुकान होतं, आता छंदाच्या वस्तूंचं होत होतं. म्हणजे भूतखेत काही नव्हतं. जुनं गेलेलं, नवं यायचं, एवढंच. व्हान जेनेपला दाखवला असता तर तोही म्हणाला असता, हो, ही मधलीच पायरी.

मग हे फोटो बघून पोटात खड्डा का पडतो? एक उत्तर यंत्रमानवांच्या अभ्यासातून येतं. मासाहिरो मोरी या जपानी शास्त्रज्ञानं १९७० मध्ये मांडलं की बाहुली माणसासारखी होत जाते तसतशी आवडत जाते, पण अगदी जवळ पोचून थोडक्यात हुकली की एकदम किळस येते. कार्डिफ विद्यापीठातल्या दोन अभ्यासकांनी २०२२ मध्ये हेच जागांना लावून पाहिलं. नेहमीच्या खोलीत दार भलतीकडे असलं, एकच वस्तू पुन्हा पुन्हा आली, असायला हवं ते नसलं, की लोकांना ती खोली विचित्र वाटते. साध्या भाषेत सांगायचं तर डोळा जागा बघताना तिचा उपयोगही बघतो. मंगल कार्यालय बघितलं की सनई ऐकू यायला हवी. ती येत नाही आणि खुर्च्या मात्र आहेत, तेव्हा मन विचारतं, सगळे गेले कुठं?

आपली भुतंही आजी-आजोबांनी उगाच कुठंही बसवलेली नाहीत. वेताळ गावच्या शिवेवर. मुंजा पिंपळावर, आणि मुंजा कोण, तर ज्याची मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत जो गेला, तो. वाटेतच राहिलेला प्रवासी.

इथं दोन अर्थांची गाठ सुटते असं मला वाटतं. अभ्यासकांचा लिमिनल म्हणजे वाटेवरचा माणूस. रस्ता, जिना, मांडव हे त्याच्या भोवतीचं सामान. इंटरनेटवरच्या लिमिनलमध्ये सामान तेवढं उरलंय आणि माणूस वजा झालाय. भीती त्या वजाबाकीची आहे. नाशिकात याचं उदाहरण हवं तर द्वारका चौकातला पादचाऱ्यांचा भुयारी मार्ग घ्या. बांधला चालणाऱ्यांसाठी, आणि चालणारे वरून ट्रक-रिक्षांच्या मधून जीव मुठीत धरून रस्ता ओलांडत राहिले. जायची वाट आणि जाणारा कुणी नाही. बॅकरूम्ससाठी ऑशकॉशला जायची गरज नव्हती.

म्हणून भाचीला मी एक कसोटी दिली. एसटीत मधेच चढलं की कंडक्टर विचारतो, ‘कुठून बसलात, कुठं उतरणार?’ जागेला किंवा काळाला हे दोन प्रश्न विचारायचे. दोन्हींची उत्तरं आली तर लिमिनल. पार्किंग? रस्त्यावरून दुकानात, पास. जिना पास. धरणाचं पाणी कुठून कुठं नेत नाही, ते नुसतं शांत आहे, नापास. रिकाम्या वर्गावर आमचा वाद झाला. दिवाळीच्या सुट्टीतला वर्ग नुसता रिकामा असतो, असं मी म्हणालो. मे महिन्यातला वर्ग मात्र नववी गेलेली आणि दहावी न आलेली असा असतो, असं ती म्हणाली. मे महिन्याला अर्धं तिकीट द्यायचं ठरलं.

कसोटीत न बसणाऱ्या गोष्टीही आहेत. मार्क ओजे या फ्रेंच अभ्यासकानं १९९२ मध्ये विमानतळ, महामार्ग, सुपरमार्केट अशा जागांना ‘अ-स्थळ’ म्हणता येईल असं नाव दिलं: जिथं आपली ओळख फक्त तिकिटापुरती असते. ही जागा खच्चून भरलेली असली तरी अ-स्थळच. लिमिनल आणि अ-स्थळ पुष्कळदा एकाच इमारतीत राहतात, पण ते एक नव्हेत. त्रिशंकूचंही तसंच. तो मधे लटकला खरा, पण उतरायचं ठिकाणच उरलं नाही. त्याला तिकीट कुणी द्यायचं?

वास्तुरचनाकार हा शब्द प्रेमानं वापरतात, आणि जुन्या नाशिकच्या वाड्यांत त्यांना तो सापडतोही. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, ओसरी, मग माजघर. टपाल देवडीत, सावकार ओसरीवर, माजघरात फक्त आपली माणसं. बाहेरचा माणूस हळूहळू आतला होत जाई, किंवा ओसरीवरूनच परत जाई. आमच्या फ्लॅटमध्ये या सगळ्याचं काम एक जाळीचा दरवाजा करतो. समुपदेशकही हल्ली ‘तुम्ही लिमिनल काळात आहात’ असं म्हणतात: नोकरी सुटलेली आणि दुसरी न लागलेली, घटस्फोटाचा अर्ज दिलेला आणि निकाल न आलेला. वापर चुकीचा नाही. फक्त व्हान जेनेपच्या माणसाभोवती अख्खं गाव असायचं, पुढे काय होणार हे सांगणारे गुरुजी असायचे. नोटीस पिरियडवाल्याला दर्भाचा कावळा करून द्यायला कुणी नसतं.

मराठीत काय म्हणायचं? ‘संक्रमण अवकाश’ असं कुणीतरी करेलच. संक्रमण शब्द चांगला आहे, संक्रांतीच्या घरातला, पण कोविडच्या बातम्यांनी हिंदीच्या वळणानं त्याला संसर्गाच्या अर्थी इतकं राबवलं की आता तो ऐकला की मास्क आठवतो. अवस्थेसाठी ‘उंबरठ्यावर’ पुरेसं आहे. ‘वीस उमेदवार निकालाच्या उंबरठ्यावर’ असं वर्तमानपत्रं छापतातच. त्या फोटोंसाठी मात्र ‘लिमिनल’ राहू द्यावं. तो फील परक्या ट्यूबलाइटचाच आहे.

माझी आवडती लिमिनल जागा इगतपुरी स्टेशन. पूर्वी मुंबईकडच्या तारांत १,५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता आणि नाशिककडच्या तारांत २५,००० व्होल्टचा एसी, म्हणून इगतपुरीला इंजिन बदलायचं. मुंबई सुटलेली, नाशिक न आलेलं, धुकं, आणि विजेविना उभी गाडी. आता प्रवाह सगळीकडे एकच आहे, तरी कसाऱ्याहून घाट चढवायला मागून लावलेली इंजिनं इगतपुरीलाच सुटतात आणि गाडी थोडी थांबते. हे मी भाचीला दोन पानी मेसेजात लिहिलं. तिनं अंगठा दाखवला.

परवा ती मुंबईहून परत येत होती. रात्री फोटो आला. फलाट, चहाची टपरी, खिडकीच्या गजांआडून दिसणारी माणसंच माणसं. खाली लिहिलं होतं: ‘इगतपुरी. फील काहीच नाही. पण लिमिनल आहे.’

मी विचारलं, “वडापाव घेतलास का?”